छोटेसाहेबांची साफसफाई

माणसाला अक्कल नसली तरी चालतं. मी पाहिलंय, बऱ्याच जणांचं तर फार छान चालतं. पण अक्कल नाही, हातात अधिकार आहे आणि वरून सफाईची हौस आहे, असं तिन्ही एका ठिकाणी आलं की आजूबाजूच्या माणसांनी देव पाण्यात घालून बसावं. आमच्या छोटेसाहेबांच्या ठायी हे तिन्ही भरपूर होतं.

तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो. बाबा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये क्लार्क, प्लांटच्या टाऊनशिपमध्ये क्वार्टर, घरात मराठी आणि फाटकाबाहेर पाय ठेवला की हिंदी. मी गणितात बीएस्सी केलं, मग भिलाईत एका क्लासला जाऊन पास्कल ही प्रोग्रामची भाषा शिकले, आणि दुर्गजवळच्या रसमड्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात प्रोग्रामर म्हणून लागले. कारखाना नागपूरच्या एका मराठी मालकाचा. त्यांना लोखंडातलं सगळं कळत होतं आणि कॉम्प्युटरमधलं काहीही कळत नव्हतं. आपल्याला कळत नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण त्यांनी त्यावर उपाय काय शोधला, तर स्वतःचा भाचा.

हा भाचा म्हणजे छोटेसाहेब. नागपूरला सहा महिन्यांचा कोर्स केलेला, त्याचं सर्टिफिकेट फ्रेम करून कॉम्प्युटरच्या बरोबर वर टांगलेलं, जणू मशीन ते वाचून कामाला लागणार आहे. त्या खोलीत कारखान्यातला एकुलता एक एसी. बाहेर चपला काढायच्या, आत बोलायचं हळू, जेवणाचा डबा आत न्यायचा नाही. हे सगळे नियम आमच्यासाठी. छोटेसाहेब दुपारी जेवण झालं की तिथेच खुर्चीत मान टाकून घोरत, आणि त्या घोरण्यानं मशीनला काही होत नसे म्हणे.

त्यांचा एक हुकूम सांगते, म्हणजे माणूस लक्षात येईल. मशीनवरच्या प्रत्येक फाईलचं नाव मालकांच्या आडनावाच्या पहिल्या अक्षरानं सुरू झालं पाहिजे. का? तर मामांना बरं वाटेल! मामांनी जन्मात कधी ती नावं वाचली नाहीत. पण चमचेगिरी ही अशीच असते, समोरचा बघो न बघो, आपण ढवळत राहायचं.

खोलीत आम्ही दोघी. दुसरी म्हणजे आमची ऑपरेटर. दुर्गला मोहन नगरात राहायची, वडील रेल्वेत गार्ड होते, मूळचे बडनेऱ्याकडचे. पोट्टी हुशार, बोटं अशी चालायची की बघत राहावं, आणि अर्धं वाक्य मराठीत, अर्धं हिंदीत. मी माझ्या लुनावरून तिला मोहन नगरातून उचलायची आणि तिथून पुढे आम्ही दोघी रसमड्याला. मला ती ताई म्हणायची.

ती ट्रायलवर होती. आणि ट्रायल नुसती कारखान्यात नव्हती, घरीही होती. घरच्यांनी वरुडकडचं एक स्थळ काढून ठेवलं होतं. संत्र्याची बाग, पक्कं घर, एकुलता एक मुलगा. बघायला आला तेव्हा म्हणाला होता, कॉम्प्युटर वगैरे ठीक आहे, पण आमच्याकडे संत्री तोडायला कॉम्प्युटर लागत नाही. आणि स्वतःच हसला. हे मला लुनावर मागे बसून सांगताना ती म्हणाली होती, "ताई, त्याच्या हसण्यावर मले इतना गुस्सा आला ना, पोहे त्याच्या डोक्यावर ओतावे वाटले." तिनं वडिलांकडून कबूल करून घेतलं होतं. नोकरी पक्की झाली तर या स्थळाला नकार. नाही झाली तर दिवाळीनंतर लग्न. वडील शब्दाचे पक्के, म्हणजे दोन्ही बाजूंनी पक्के.

आता काम काय होतं ते सांगते. भट्टीतून एकदा लोखंड ओतलं की त्याला आमच्याकडे हीट म्हणत. प्रत्येक हीटचा नमुना लॅबमध्ये जायचा, कार्बन किती, मँगनीज किती, फॉस्फरस किती, हे तिथून चिठ्ठीवर यायचं, आणि ऑपरेटर ते मशीनमध्ये भरायची. एका हीटची एक फाईल. माल उचलण्याआधी खरेदीदाराचा इन्स्पेक्टर यायचा, तो हे आकडे तपासायचा, आणि मगच ट्रक हलायचा. आकडे नाहीत तर माल नाही, इतकं सरळ. आणि छोटेसाहेबांनी जाहीर केलं होतं की आता कॉम्प्युटरचं युग आलंय, कागद ठेवायचे नाहीत. त्यामुळे टाईप झालं की चिठ्ठी केराच्या टोपलीत.

मग आली विश्वकर्मा पूजा.

भिलाईकडे ही पूजा म्हणजे काय चीज आहे ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. गणपती, दिवाळी एका बाजूला आणि हे एका बाजूला. आदल्या दिवशी अख्खा कारखाना धुऊन काढतात. लेथ डिझेलनं पुसतात, क्रेनला रंग लावतात, स्पॅनर, हातोडे, व्हर्निअर सगळं घासून चमकवतात. मग पूजेच्या दिवशी सगळं देवापुढे मांडायचं, हळदीकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, बुंदी खायची आणि घरी जायचं. त्या दिवशी मशीनला हात लावायचा नाही. कामगार ही सफाई इतक्या मनापासून करत की मला ते बघायला आवडायचं. ज्याला जे कळतं तो ते साफ करत होता.

आणि छोटेसाहेबांना वाटलं, आपण का मागे राहायचं!

आदल्या दिवशी दुपारी त्यांनी आम्हाला दोघींना बाहेर काढलं. "आज कॉम्प्युटरची सफाई मी स्वतः करणार," म्हणाले. आम्हाला वाटलं, फडकं मारतील. आम्ही लॅबमध्ये जाऊन बसलो. तासाभरानं छोटेसाहेब घाम पुसत बाहेर आले, एसीतून घाम पुसत, बरं का, आणि म्हणाले, "आतपर्यंत साफ केलं. नुसता कचरा होता. आता बघा मशीन कसं पळते." मी ऐकलं आणि हसले. मला वाटलं पंख्याला ब्रश मारला असेल. माझीही अक्कल त्या दिवशी बुंदी खायला गेली होती.

पूजेच्या दिवशी छोटेसाहेबांनी बॅकअपच्या फ्लॉपीही थाळीत मांडल्या. त्या काळच्या मोठ्या, वाकणाऱ्या फ्लॉपी. त्याही कागदी कव्हरातून बाहेर काढून. मी म्हटलं, साहेब, कव्हर राहू द्या. तर म्हणाले, "देवापुढे हत्यार झाकून ठेवतात का?" त्या फ्लॉपीला मधे एक लांबट खिडकी असते, तिथून आतली काळी चकती दिसते, आणि मशीन वाचतं ते तिथूनच. तिथे बोट लावू नये असं फ्लॉपीवरच चित्र काढून सांगितलेलं असतं. मालकीणबाई आल्या, त्यांनी हळदीकुंकू कालवून ओलं केलेलं होतं, आणि त्यांनी बरोबर त्या खिडकीत एकेक टिळा लावला, वर अक्षता. त्यांचा काही दोष नाही. ती जागा कपाळासारखीच दिसते. पण मी बाजूला उभी, दोन्ही हातांत आरतीचं ताट, अडवणार कशी?

दुसऱ्या दिवशी ऑपरेटरनं मशीन चालू केलं आणि फाईलींची यादी दोनदा मागवून पाहिली. मग म्हणाली, "ताई, इधर आओ जरा. फाईली नाई आहेत."

हीटच्या सगळ्या फाईली आम्ही एका डिरेक्टरीत, म्हणजे मशीनमधल्या एका कप्प्यात, ठेवायचो. ती रिकामी. म्हणजे पूर्ण रिकामी पण नाही, तिथे एकच फाईल होती, पूजेच्या आमंत्रणाची. छोटेसाहेबांनी स्वतः टाईप केलेली. माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. आतपर्यंत साफ केलं! या माणसानं त्या डिरेक्टरीत उभं राहून सगळं डिलीट केलं होतं. मशीन विचारतं हो, नक्की ना? जन्मात कशाचंच नक्की नसलेल्या या माणसानं तिथे मात्र नक्की म्हटलं होतं. मग त्याच जागी बसून आमंत्रण टाईप केलं. टिळ्याच्या फ्लॉपी घालून पाहिल्या. ड्राइव्ह असा करकरला की दातांत खडा आल्यासारखं वाटलं. कुंकू सगळीकडे.

आणि इन्स्पेक्टर सोमवारी येणार होता.

छोटेसाहेब आले. मी विचारलं, साहेब, परवा काय साफ केलं? तर चेहरा असा केला की जणू मी त्यांच्या घरची भांडी मोजायला आले. "मी? मी फक्त फडकं मारलं. वरवर. धूळ होती." मग ऑपरेटरकडे वळून, "मशीनवर रोज कोण बसते? यांनीच काहीतरी दाबलं असेल." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी त्या दिवशी कानानं ऐकल्या. आणि हा गृहस्थ तडक मामांच्या केबिनमध्ये गेला.

मालकांनी आम्हाला बोलावलं. रागावले नाहीत, तेच वाईट. ऑपरेटरला म्हणाले, "पोरी, मले कॉम्प्युटर कळत नाही. माल अडकला तं माझे ट्रक उभे राहतात, एवढं कळते. भाचा म्हणते तू मिटवलं. सोमवारी इन्स्पेक्शन होऊ दे, मग तुझं काय ते पाहू." तिनं एकदाच माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "ताई, माझं तं खतम. बाबा शब्द फिरवत नाहीत." आणि मग, "संत्री तं मले तशीही आवडत नाहीत." असं म्हणून रडायला लागली. मला इतका संताप आला की मी तिला जवळ घ्यायचं सोडून तिच्यावरच ओरडले, "रडू नको! अजून काही गेलं नाही!"

हे मी उगाच म्हटलं नव्हतं. आणि इथे मला थोडं समजावून सांगावं लागेल, पण छोटेसाहेबांना समजलं नाही म्हणून तुम्हाला समजणार नाही असं काही नाही.

आमच्या टाऊनशिपमध्ये क्वार्टर रिकामं झालं की काय होतं? ऑफिसमध्ये नोंद होते, हे क्वार्टर आता मोकळं, कुणालाही द्या. पण समजा जुना माणूस सामान तसंच टाकून गेला, तर नवा माणूस राहायला येईपर्यंत खाट, टेबल, भिंतीवरचं कॅलेंडर सगळं जागच्या जागी असतं. डिस्कचं अगदी तसंच आहे. डिलीट म्हटलं की मशीन फाईल पुसत नाही. मशीन आळशी आहे. ते फाईलच्या नावातलं फक्त पहिलं अक्षर खोडतं, तिथे एक खूण करतं, आणि जागा मोकळी झाली असं लिहून ठेवतं. बाकीचं नाव, फाईल किती मोठी, कुठल्या जागेपासून सुरू होते, हे सगळं तसंच. आतला मजकूर तसाच. कुणी नवा राहायला येईपर्यंत.

तेव्हा आता एकच गोष्ट करायची नव्हती. त्या डिस्कवर काहीही लिहायचं नव्हतं.

आणि छोटेसाहेबांना काय सुचावं? ते खोलीत येऊन म्हणाले, "मी आता डिस्क फॉर्मॅट करून टाकतो. नव्यानं सुरुवात. पूजा झालीच आहे."

ते चहा प्यायला गेले, मी कीबोर्डची वायर काढली आणि कीबोर्ड माझ्या झोळीत टाकला. ते परत आले. टेबलाकडे पाहिलं, टेबलाखाली पाहिलं. "कीबोर्ड कुठाय?"

"धुवायला काढला, साहेब. तुम्हीच म्हणाले ना, सफाई. कळांमधे भल्ला मळ बसला होता."

"मग कधी मिळेल?"

"सोमवारी. वाळायले वेळ लागते."

आणि ते हो म्हणाले! फ्रेम केलेलं सर्टिफिकेट डोक्यावर, आणि कीबोर्ड दोरीवर वाळत घालतात यावर या माणसाचा विश्वास बसला. मी आजही आठवते तेव्हा मला हसावं की डोकं आपटावं कळत नाही.

वॉचमनला सांगून शनिवारी दुपारनंतर, छोटेसाहेब नागपूरच्या गाडीत बसल्याची खात्री करून, आम्ही दोघी आत शिरलो. दुर्गहून कोऱ्या फ्लॉपी आणल्या होत्या. आधी ड्राइव्हमधलं कुंकू स्पिरिट लावून पुसलं आणि झोळीतला कीबोर्ड परत जोडला. मशीन फ्लॉपीवरून चालू केलं, पास्कलही फ्लॉपीवर, लिहायचं तेही फ्लॉपीवर. हार्ड डिस्ककडे फक्त बघायचं, हात लावायचा नाही, सोवळ्यातल्या बाईसारखं.

आता पास्कल तुम्हाला फाईल वाचू देतं. पण आमच्याकडे फाईलच नव्हती, होती ती नुसती डिस्क. फाईल म्हणजे काय, हे जिथे लिहिलेलं असतं तिथेच जायचं होतं. त्यासाठी मशीनच्या पोटातल्या एका सेवेला थेट हाक मारावी लागते, अमुक चकती, अमुक पट्टी, पट्टीचा अमुक तुकडा म्हणजे सेक्टर, उचल आणि माझ्या हातात दे. ते मी नागपूरला सीताबर्डीच्या फुटपाथवरून घेतलेल्या एका जुन्या पुस्तकात वाचून ठेवलं होतं. ते पुस्तक मी ऑफिसात वाचताना छोटेसाहेब म्हणाले होते, "याचा आपल्याला काय उपयोग?" गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते खोटं नाही.

पहिला सेक्टर उचलला. त्यात डिस्कची सगळी मापं असायला हवीत. पास्कलमध्ये मी एक साचा केला होता, इथे दोन बाईट याचे, इथे एक बाईट त्याचा, आणि डिस्कवरून आलेलं त्या साच्यात ओतायचं, आमच्या कारखान्यात लोखंड ओततात तसं. ओतलं. आणि आकडे असे आले की डोळे फिरले. त्या हिशोबानं आमची डिस्क अख्ख्या भिलाईएवढी मोठी निघत होती. मी साचा पुन्हा तपासला, शिव्या घातल्या, पुन्हा चालवलं, तेच. ऑपरेटर शेजारी बसून म्हणाली, "ताई, कुठं घुसल्या आपण? पत्ता तं बरोबर आहे ना?"

पत्ताच चुकला होता. फ्लॉपीत पहिल्या सेक्टरवर मापं असतात, पण हार्ड डिस्कच्या पहिल्या सेक्टरवर असतो नुसता वाटणीचा तक्ता, खरं घर पुढे कुठे सुरू होतं ते सांगणारा. मी फाटकावरच्या वॉचमनला मालक समजून बोलत बसले होते. तक्ता वाचला, पुढे गेले, साच्यात पुन्हा ओतलं, आणि या वेळी आकडे जागच्या जागी बसले. अरे बाप्पा, तो आनंद! मी खुर्चीतून उठून त्या एसीच्या खोलीत दोन चकरा मारल्या, चपला घालून.

मग सगळं एकातून एक उलगडत गेलं. मापांवरून मुख्य डिरेक्टरी कुठे ते कळलं, तिथे आमच्या डिरेक्टरीची नोंद सापडली, तिच्यावरून तिचा पत्ता, आणि तिथे गेल्यावर त्या होत्या. सगळ्या. एका खाली एक, पहिलं अक्षर खोडलेलं, बाकी नाव धडधाकट. पडद्यावर त्या सरकू लागल्या तशी ऑपरेटर खुर्चीवरून पुढे आली आणि वाचायला लागली. "हाव, हे माझीच आहे. हे पण. ताई, हे पण माझीच!" तिचा आवाज फाटला.

खोडलेलं पहिलं अक्षर मशीनला आठवत नसतं, ते आपल्याला माहीत असावं लागतं. आणि ते आम्हाला का माहीत होतं? कारण छोटेसाहेबांच्या हुकमानं प्रत्येक फाईलचं पहिलं अक्षर मामांचं! जगात चमचेगिरीचा उपयोग झाल्याचं मला ठाऊक असलेलं हे एकच उदाहरण.

फाईली लहान होत्या, एकीला लागून दुसरी अशा सलग लिहिलेल्या होत्या, त्यामुळे प्रत्येकीचा मजकूर अख्खा निघाला. कार्बन, मँगनीज, फॉस्फरस, सगळं. रविवारी आम्ही डबे घेऊन आलो आणि खोलीत बसून जेवलो, ठेच्यासकट. एकेक फाईल काढायची, फ्लॉपीवर टाकायची, ती तपासायची, पुढची.

फक्त एक गेली होती. सगळ्यात पहिली. तिची नोंद आणि तिची जागा दोन्ही नव्या भाडेकरूनं बळकावली होती. तो भाडेकरू म्हणजे छोटेसाहेबांचं आमंत्रण. मी ती जागा पडद्यावर आणली तर वर "सभी कर्मचारी सादर आमंत्रित हैं, प्रसाद बुंदी", आणि ते संपल्यावर खाली, उरलेल्या जागेत, आमच्या जुन्या फाईलची शेपटी, फॉस्फरसचा आकडा आणि ऑपरेटरच्या नावाची दोन अक्षरं. एकाच घरात दोन बिऱ्हाडं. मी ते बघितलं आणि मला गुदगुल्या झाल्या. कारण आधीची फाईल मिटल्याशिवाय आमंत्रण त्या जागेत येऊच शकत नव्हतं, आणि आमंत्रणाच्या फाईलीवर मशीननं स्वतः टाकलेली वेळ होती पूजेच्या आदल्या दुपारची. तेव्हा खोलीत कोण होतं ते अख्ख्या कारखान्यानं पाहिलं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! मी त्याचं प्रिंट काढलं, घडी घालून झोळीत ठेवलं, आणि घरी जाताना लुनावर मनातल्या मनात भाषण तयार केलं. एक एक वाक्य असं की छोटेसाहेब नागपूरपर्यंत चालत गेले असते.

सोमवारी सकाळी लॅबनं त्या एका हीटचा नमुना पुन्हा तपासून दिला. एकच होता म्हणून जमलं, सगळे पुन्हा तपासायचे तर महिना गेला असता. इन्स्पेक्टर आला, आकडे बघितले, सही केली, ट्रक हलले. आणि मालकांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं.

"माल गेला, चांगलं झालं," मालक म्हणाले. "पण मले एक सांगा. फाईली मिटवल्या कोणी? ज्यानं आज मिटवल्या तो उद्या बी मिटवन. त्याले मी ठेवू कावून?" आणि नजर ऑपरेटरवर. टेबलावर तिचा कागद पडला होता, पक्कं करण्याचा, सही व्हायची होती. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

मी झोळीत हात घातला. घडी बाहेर काढली. छोटेसाहेब माझ्या शेजारी उभे होते, त्यांना कागदाच्या कडेला त्यांचंच "सादर आमंत्रित" दिसलं असावं. चेहरा चुन्यासारखा झाला. आणि मी तोंड उघडायच्या आत ते बोलले, "मामाजी, मिटल्याच कुठे होत्या? फाईली तर आहेत! मिटल्या असत्या तर परत आल्या असत्या का? मशीनमध्येच होत्या. यांना दिसत नव्हत्या."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि सांगू का, गाढव बरोबर बोलत होतं! अगदी अक्षरशः बरोबर. त्या मशीनमध्येच होत्या. मी शनिवारी जे डोळ्यांनी पाहिलं तेच हा माणूस काहीही न बघता, काहीही न कळता, जीव वाचवायला बडबडत होता.

मालकांनी भाच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ती नजर ओळखली. तो माणूस मूर्ख नव्हता. त्याला कळलं होतं. पण भाचा बहिणीचा मुलगा होता, आणि यातून सुटायला मालकांना कुणीतरी वाट करून द्यायला हवी होती. कुणीच मिटवलं नाही, तर कुणाचाच दोष नाही. भाच्याचा नाही. आणि पोरीचाही नाही. मी कागद टेबलावर ठेवला असता तर भाच्याची अब्रू गेली असती, भाचा गेला नसता. जिच्यापायी त्याची अब्रू गेली त्या पोरीचीच नोकरी गेली असती, आठवड्यात नाही तर महिन्यात.

"का बाई?" मालकांनी मला विचारलं. "मिटल्या होत्या का नव्हत्या?"

माझं अख्खं भाषण घशात आलं होतं. काय सुंदर वाक्यं होती! मी ती गिळली, एकेक करून, आणि कागदाची घडी मुठीत दाबली.

"नव्हत्या, साहेब," मी म्हटलं. "मशीनमध्येच होत्या."

छोटेसाहेबांनी मोठ्यानं श्वास सोडला. मालकांनी पेन उचललं. सही करता करता, वर न बघता म्हणाले, "मंग दोन दिवस सुट्टीत येऊन तुमी दोघी करून काय राहिल्या होत्या?"

"फडकं मारून राहिलो होतो, साहेब. वरवर. धूळ होती."

मालकांचं पेन क्षणभर थांबलं. मिशीत काहीतरी हललं. मग सही पूर्ण झाली आणि त्यांनी कागद ऑपरेटरच्या हातात दिला. छोटेसाहेब लगेच म्हणाले, "पाहिलं मामाजी, मी म्हटलंच होतं." कारखान्यात पुढे वर्षानुवर्षं ते नव्या माणसाला ही गोष्ट सांगत. त्यांच्या मशीनमधून कधी काही जात नाही, अशी.

गेटबाहेर मी लुना काढली. ऑपरेटर मागे बसेना. कागद छातीशी धरून तशीच उभी, डोळे भरलेले, पण चेहरा रागानं लाल.

"ताई, सगळं तुमी केलं. अन् तुमीच म्हणता, फडकं मारलं? कावून वो?"

मी म्हटलं, "मंग काय करू? तुले नोकरी पायजे होती का मले शाबासकी?"

मला वाटलं, आता ही गळ्यात पडेल. नाही पडली. तिनं विचार केला, खरंच विचार केला, आणि नाक पुसून म्हणाली, "दोनी पायजे होतं."

मी लुनाचं पेडल मारलं.